एका शिलिंगाचा चाकू : दक्षिण कोकणातील मिटत्या चाकूची निवड आणि त्याची चढती किंमत

किंमतींच्या इतिहासाचा अभ्यास आपल्याकडे बहुधा धान्य, कापड, मीठ आणि सोनेचांदी यांच्याभोवतीच फिरत राहिला आहे. त्याला कारणही उघड आहे. सरकारी दप्तरांना ज्या वस्तूंच्या भावाची चिंता वाटे, त्यांचेच भाव दप्तरांत उतरत. परंतु ज्या वस्तू माणूस आयुष्यात दोनतीन वेळाच विकत घेतो, त्यांची खरेदी तो रोजच्या जिनसांपेक्षा कितीतरी अधिक विचाराने करतो, आणि म्हणून त्या वस्तूंच्या किंमतीत बाजाराचा इतिहास पुष्कळ वेळा अधिक ठळकपणे उमटतो. खिशात किंवा चंचीत मावणारा, मिटता येणारा लहान चाकू ही अशीच एक वस्तू होय. हा चाकू महाग का होत गेला, आणि महाग होत असताना तो निवडणारा मनुष्य नेमके काय निवडीत होता, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

विचारासाठी स्थळ निवडले आहे ते फोंडाघाट. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील हे गाव सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी वसले आहे. देवगड बंदराकडून निघून नांदगावावरून येणारा रस्ता येथून घाट चढतो, दाजीपूर-राधानगरीवरून पुढे निपाणीला जातो. (हा मुलूख १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता, हे जुने कागद चाळणाऱ्याने ध्यानात ठेवावे.) समुद्रावाटे आलेला माल आणि घाटावरून उतरलेला माल अशा ठिकाणी एकमेकांस भेटतात, व एकाच वस्तूची दोन वाटांनी आलेली किंमत ताडून पाहण्याची सोय होते. लोखंडी सामानाच्या बाबतीत ही सोय विशेष उपयोगी आहे. कारण कोयता गावातच होतो, आणि मिटता चाकू मात्र नेहमी बाहेरून येतो.

आधी शब्दांकडे पाहू. सुरी हा शब्द संस्कृत 'क्षुरिका'पासून आला. चाकू हा तुर्की-फार्सी वाटेने मराठीत शिरला. जुन्या पिढीच्या बोलण्यात सुरी म्हणजे न मिटणारी आणि चाकू म्हणजे मिटणारा, असा भेद साधारणपणे पाळला जाई. तिसरा शब्द 'कलमतराश'. कलम अरबी, तराश फार्सी. लेखणी तासण्याचे हत्यार हा त्याचा सरळ अर्थ. बोरू तासणे, त्याच्या टोकाला चीर देणे आणि मग टोक तिरके छाटून 'कत' घेणे, ही तीन कामे या एका पात्याने होत. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या अक्षराचे वळण अर्धे त्याच्या हातात आणि अर्धे या कतात असे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणाला वाहिलेला आहे; सतराव्या शतकात लेखनसाहित्याची निगा हा किती गंभीर विषय मानला जात होता, याची त्यावरून कल्पना येते. सांगण्याचा मुद्दा असा की लहान चाकू हे मुळात शेतकऱ्याचे किंवा शिपायाचे हत्यार नव्हते. ते लिहिणाऱ्याचे हत्यार होते. कुळकर्णी, मठकरी, सावकाराचा दिवाणजी अशांच्या दौतीशेजारी त्याची जागा होती. ज्याला रोख पैसा हाताळण्याची सवय होती, असाच हा वर्ग.

याउलट कोयता. कमरेच्या आकडीला अडकवलेल्या कोयत्यावाचून कोकणातला शेतकरी घराबाहेर पडत नाही, असे म्हटले तरी चालेल. तो गावचा लोहार करी. बलुत्याची पद्धत देशावर जितकी काटेकोर होती तितकी कोकणात नव्हती. तरीही लोहाराला सुगीला भात मिळे आणि त्या बदल्यात अवजारांची डागडुजी होई. नरम लोखंडाच्या अंगाला पोलादाची धार बसवावयाची, ती झिजली की पुन्हा पोलाद भरून घ्यावयाचे (देशावर याला 'शेवटणे' म्हणतात), असा कोयत्याचा जन्मक्रम होता. अलीकडे मालमोटारीच्या कमानीतील जुना पाटा लोहाराच्या भट्टीत येतो. घाटरस्त्यावरच्या गावात असा पाटा मिळणे कधी फारसे कठीण नसते. कोळसा, जुने लोखंड आणि लोहाराचे श्रम या तिन्ही गोष्टी गावच्या आवाक्यातल्या असल्यामुळे कोयत्याची किंमत गावातच ठरत असे, व ती वाढलीच तर का वाढली हे घेणाऱ्यास समजत असे.

मग हाच लोहार मिटता चाकू का करीत नव्हता? या प्रश्नाचे उत्तर पात्यात नाही. चांगले पाते गावचा लोहारही देऊ शकतो. अडचण सांध्यात आहे. मिटत्या चाकूच्या पाठीत एक कमान असते. पाते उघडे असताना, अर्धे मिटलेले असताना आणि पूर्ण मिटलेले असताना, अशा तिन्ही वेळी पात्याचे मूळ त्या कमानीवर नीट बसले पाहिजे. कमानीला दिलेले पाणी धारेला दिलेल्या पाण्यापेक्षा नरम हवे. ते अधिक कडक झाले तर कमान मोडते, अधिक नरम झाले तर पाते लुळे पडते. खिळ्याचे भोक केसभर मोठे झाले की पाते आडवे हलू लागते. अशी कामे एका माणसाच्या एका भट्टीत जमत नाहीत असे नाही, पण ती स्वस्तात जमत नाहीत. इंग्लंडातील शेफील्ड येथे पाते घडणारा, ते सहाणेच्या चाकावर घासणारा आणि चाकू जोडणारा असे तीन स्वतंत्र धंदे होते, आणि जोडणाऱ्याचा दर्जा त्या तिघांत कमी मानला जात नसे. मिटत्या चाकूची कल्पना फार पुरातन आहे. ऑस्ट्रियातील हॉलस्टाट येथे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा मिटता चाकू मिळालेला आहे. परंतु पाठीतल्या कमानीचा, सामान्य माणसाला परवडणारा चाकू ही श्रमविभागणीची निपज होय. ही श्रमविभागणी विकत घ्यावयाची तर खेड्याला भात देऊन भागत नव्हते, नाणे द्यावे लागे. फोंड्यासारख्या गावी कोयता आणि चाकू एकाच घरात नांदत असले तरी दोन निराळ्या अर्थव्यवस्थांची ती लेकरे होती.

येथून किंमतीच्या प्रश्नाकडे वळता येते. सुटे भाव सांगून फारसे काही हाती लागणार नाही. भावामागची यंत्रणा दिसली पाहिजे. त्यासाठी एक मोजमाप कल्पावे. शेफील्डमध्ये ज्याची किंमत बरोबर एक शिलिंग आहे असा चाकू घ्यावा. भाडे, विमा, मुंबईच्या पेढीचा नफा आणि किरकोळ दुकानदाराचा नफा तूर्त बाजूस ठेवून, केवळ एक शिलिंग म्हणजे किती आणे, एवढेच पाहावे.

१८७१ च्या सुमारास रुपयाचा भाव जवळजवळ दोन शिलिंग होता. म्हणजे आपला चाकू आठ आण्यांना पडत होता. त्यानंतर जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, अमेरिकेतील खाणींची चांदी बाजारात लोटली, आणि चांदीचा रुपया घसरत गेला. १८९३ च्या जूनमध्ये सरकारने टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या, तरी घसरण लगेच थांबली नाही. १८९४-९५ साली रुपयाचे सरासरी तेरा पेन्सच उरले. तोच चाकू आता साडेचौदा आण्यांहून थोडा अधिक झाला. त्यातच १८८२ मध्ये बहुतेक मालावरून उठवलेली पाच टक्क्यांची आयात जकात मार्च १८९४ मध्ये पुन्हा बसली, व आपला हिशेब पंधरा आण्यांच्या पुढे गेला. चाकूचे पोलाद तेच, मूठ तीच, कारागीर तेच. तेवीस वर्षांत हिंदी गिऱ्हाइकाच्या बाजूने किंमत मात्र दुपटीच्या जवळ पोचली.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. याच काळात, साधारणपणे १८७३ ते १८९६ पर्यंत, खुद्द इंग्लंडात किंमती उतरत होत्या. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यामुळे वाहतूक स्वस्त झाली होती, आणि झोलिंगनच्या जर्मन कारखान्यांनी हलक्या चाकूंची बाजारात रेलचेल केली होती. म्हणून प्रत्यक्ष दुकानात भाव इतका चढलेला दिसला नसावा. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की इंग्रज गिऱ्हाइकाला स्वस्ताईचा जो लाभ मिळाला, तो हिंदी गिऱ्हाइकाच्या पदरात पडण्यापूर्वीच हुंडणावळीने गिळून टाकला. दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या समकालीनांनी हुंडणावळीविषयी जे लिहिले, ते होम चार्जेस आणि जमीनमहसूल यांच्या संदर्भात. घाटाखालच्या गावातील एका कारकुनाच्या खिशातही तीच हुंडणावळ शिरली होती, हे दाखवायला चाकू पुरेसा आहे.

पुढे १८९८-९९ पासून रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला आणि चाकू बारा आण्यांवर आला. पहिल्या महायुद्धानंतरची उलथापालथ सरल्यावर १९२७ च्या कायद्याने अठरा पेन्सांचा दर ठरला. हिशेबाने चाकू दहा आणे आठ पैंचा झाला. या अठरा पेन्सांच्या दराला हिंदी व्यापाऱ्यांनी किती कडवा विरोध केला, हे सर्वश्रुत आहे. आयात माल वापरणाऱ्याचा मात्र त्यात फायदाच होता, आणि ही गोष्ट त्या वादात सहसा कोणी मोठ्याने बोलत नसे. तो फायदाही टिकला नाही. सर्वसाधारण आयात जकात १९१६ मध्ये साडेसात, १९२१ मध्ये अकरा व १९२२ मध्ये पंधरा टक्के झाली आणि १९३१ च्या अखेरीस अधिभारासह पंचवीस टक्क्यांवर गेली. दहा आणे आठ पैंवर पंचवीस टक्के चढवले की तेरा आणे चार पै होतात. हुंडणावळीने जे दिले ते जकातीने परत घेतले, आणि वर थोडे अधिकही घेतले.

हा सारा हिशेब मुंबईच्या धक्क्यापर्यंतचा झाला. तेथून फोंड्यापर्यंत यायला दोन वाटा होत्या. पहिली समुद्राची. आगबोटी मुंबईहून विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जात; पण पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. दुसरी वाट रेल्वेची. मिरज-कोल्हापूर फाटा १८९१ मध्ये सुरू झाल्यावर मुंबई-पुण्याचा माल कोल्हापुरात उतरे आणि बैलगाडीने घाट उतरून खाली येई. सुगीनंतरच्या हंगामात समुद्राची वाट स्वस्त, चातुर्मासात घाटाची वाट अपरिहार्य. आगबोटी थांबल्या की घाटाखालच्या दुकानदाराला शिलकी मालावर भाव चढवता येई. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावात त्याला हे फार दिवस करता येत नसे, कारण वरून माल उतरण्याची शक्यता कायम असे. कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली आणि या दुहेरी वाटेचे महत्त्व पुष्कळ कमी झाले.

आता निवडीकडे येऊ. चांगला चाकू कसा ओळखावा? जाणता गिऱ्हाईक आधी पाते अर्ध्यावर थांबवून पाही, मग उघडून आडवे हलवून पाही, मग कानाशी नेऊन मिटताना होणारा आवाज ऐके. कमानीचा आवाज कोरडा आणि एकच हवा. नंतर चाकू उजेडात धरून पाते व मूठ यांच्यामधून प्रकाश दिसतो का ते पाही. मुठीच्या आत पितळी अस्तर असेल तर उत्तम. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडी अस्तर आतल्या आत गंजते आणि एके दिवशी पाते उघडेनासेच होते. शिंगाची मूठ पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून तिचे खिळे निरखून घ्यावेत. या सर्व परीक्षा डोळ्यांच्या, कानांच्या आणि बोटांच्या आहेत. पण एका गोष्टीची परीक्षा दुकानात होत नाही. पोलादाला पाणी कसे दिले आहे, हे महिनाभर वापरल्यावाचून कळत नाही. तेथे गिऱ्हाइकाला विश्वासावरच विसंबावे लागते, आणि हा विश्वास म्हणजे पात्याच्या मुळाशी ठोकलेली छाप.

शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीची तारा आणि माल्टी क्रूस ही छाप १७६४ मधील. हिंदुस्थानात ती इतकी मान्यता पावली की तिची नक्कल करणे हाच एक धंदा होऊन बसला. जर्मन माल शेफील्डच्या नावाने खपवण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ मध्ये मालखुणांचा कायदा केला. हिंदुस्थानसाठी तसाच कायदा १८८९ मध्ये झाला. या कायद्यांचा एक परिणाम त्यांच्या कर्त्यांनी अपेक्षिला नव्हता. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे उघडपणे छापावी लागली आणि स्वस्त पण कामापुरता बरा माल कोठला, हे गिऱ्हाइकाला आयतेच कळले. आपल्या विषयाच्या दृष्टीने याचे महत्त्व असे की या काळापासून चाकूच्या किंमतीचे दोन भाग पडले. एक भाग पोलादाचा आणि श्रमाचा. दुसरा केवळ नावाचा. पुढे जी भाववाढ झाली तिच्यात हा दुसरा भाग अधिक वेगाने वाढला, असे माझे मत आहे, आणि आजच्या बाजाराकडे पाहता ते बदलण्याचे कारण दिसत नाही.

स्वदेशीच्या चळवळीने १९०५ नंतर या नावावरच घाव घातला. बर्दवानजवळचे कांचननगर, पंजाबातील वजीराबाद व त्याशेजारचे निजामाबाद, कच्छमधील अंजार ही देशी चाकूंची प्रसिद्ध ठिकाणे. अंजारचे सुडी-चप्पू, म्हणजे अडकित्ते आणि चाकू, पश्चिम किनाऱ्यावर आजही परिचित आहेत. देशी चाकू बहुधा ओबडधोबड असे. पण त्याचा दोष कारागिरावर ढकलणे अन्यायाचे होईल. टाटांच्या साकची येथील कारखान्यात पहिले पोलाद १९१२ मध्ये ओतले गेले. तोपर्यंत हत्यारांसाठी लागणाऱ्या चांगल्या पोलादाकरिता देशी कारागिराला बहुतांशी आयातीवरच अवलंबून राहावे लागे, आणि जी हुंडणावळ परदेशी चाकू महाग करी तीच त्याच्या कच्च्या मालालाही महाग करी. स्वदेशी चाकू घेणारा मनुष्य जास्त पैसे मोजून कमी टिकाऊ वस्तू घेत होता, हे खरे असले तरी त्या जास्त पैशांतील काही भाग अजूनही समुद्रापार जात होता.

दोन्ही महायुद्धांविषयी थोडक्यात सांगता येईल. १९१४ मध्ये जर्मन माल एकाएकी बंद झाला व त्याच्या जागी जपानी माल आला. १९३९ नंतर जर्मन आणि पुढे जपानी असे दोन्ही बंद झाले, आणि शेफील्ड लष्करासाठी काम करू लागले. १९४३ मध्ये साठेबाजी व नफेबाजी प्रतिबंधक वटहुकूम निघाला. खेड्यातील चाकूला त्याचा फारसा आधार झाला नसावा, कारण असे हुकूम मोठ्या शहरांतील घाऊक व्यापाऱ्यांवर नजर ठेवून काढलेले असतात.

स्वातंत्र्यानंतर किंमतीचे गणितच बदलले. १९५७ च्या परकी चलनाच्या टंचाईनंतर उपभोग्य वस्तूंची आयात जवळजवळ थांबली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन पौंड तेरा रुपये तेहतीस पैशांवरून एकवीस रुपयांवर गेला. आपला एका शिलिंगाचा चाकू सदुसष्ट पैशांवरून एक रुपया पाच पैशांवर चढला. पण हा चढ कागदावरचा, कारण असा चाकू राजरोस मिळण्याची सोयच उरली नव्हती. पुढल्या वर्षी पौंडाचेही अवमूल्यन झाले आणि हिशेब नव्वद पैशांवर आला. फेब्रुवारी १९७१ मध्ये इंग्लंडने दशमान चलन स्वीकारले, शिलिंग संपला, आणि आपले मोजमापही संपले. परदेशी चाकू आता मुंबईहून, आखातातून किंवा आगबोटीवर नोकरी करणाऱ्या नातेवाईकाकडून भेट म्हणून येऊ लागला. कोकणातील घराघरांतून त्या काळी मुंबईस चाकरमानी होतेच. भेट आलेल्या वस्तूला बाजारभाव नसतो. तिला फक्त मान असतो.

याच काळात देशी बाजारात एक निराळाच चाकू गाजला, तो रामपुरी. संयुक्त प्रांतातील रामपूर संस्थानात वाढलेला, खटक्यावर उघडणारा हा लांब पात्याचा चाकू मुंबईच्या चित्रपटांनी घरोघरी पोचवला. १९५९ चा शस्त्र कायदा व त्याखालील १९६२ चे नियम यांनी घरगुती, शेतकी वा औद्योगिक कामाची पाती वगळून, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना आवश्यक केला. मुंबई पोलीस कायद्याचे, १९५१ चे, ३७ वे कलम लागू झाले की चाकू बाळगणेच तात्पुरते निषिद्ध होते. लेखणी तासणाऱ्याचे हत्यार अशा रीतीने पोलिसांच्या यादीत आले. २०२३ मध्ये रामपूर शहरात वीस फूट लांबीचा चाकू चौकात उभारण्यात आला. एवढा मोठा चाकू कोणी विकत घेणार नाही, हे उघड आहे. पण धंदा ओसरला की त्याचे स्मारक होते, हा अनुभव इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवा नाही.

बोरू गेला, मोडी मागे पडली, पेन्सिलीला टोक काढण्याचे काम आधी दाढीच्या अर्ध्या ब्लेडने आणि मग टोकयंत्राने घेतले. तेव्हा लहान चाकूचा इतिहास येथे संपावयास हवा होता. दक्षिण कोकणात तो संपला नाही, कारण 'कलम' या शब्दाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात आंब्याच्या कलमांची विद्या वाढवली, हापूस हे नावच आफोन्सोवरून आले, आणि लेखणीचे कलम मागे पडत असता झाडाचे कलम किनाऱ्यावर पसरत राहिले. पूर्वी भेटकलम करीत. कुंडीतील रोप झाडाच्या फांदीशी नेऊन दोघांची साल जुळवावयाची. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या काळात कोयकलमाचा प्रसार झाला. काजूला मृदुकाष्ठ कलमाची पद्धत आली. आणि १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीची योजना काढली, तेव्हा कलमांची मागणी अशी वाढली की कणकवली, देवगड, वेंगुर्ले या भागांत रोपवाटिका हा स्वतंत्र धंदा झाला.

कोयकलमाला पात्याचे किमान चार काप लागतात. खुंटाचा शेंडा एका कापाने उडवावयाचा, दुसऱ्याने मधोमध चीर द्यावयाची, आणि कलमकाडीला दोन्ही बाजूंनी दोन काप देऊन पाचर करावयाची. हजार कलमांना चार हजार काप झाले. प्रत्येक काप एका ओढीत, सपाट आणि स्वच्छ पडला पाहिजे. साल व काष्ठ यांमधील वाढीचा पातळ थर चेचला गेला तर सांधा धरत नाही. म्हणून कलमाच्या चाकूची धार एकाच बाजूने घासलेली असते, दुसरी बाजू सपाट राहते. डावऱ्या माणसाला उलट बाजूने घासलेला चाकू लागतो, आणि तो सहज मिळत नाही. शिवाय हे काम जून ते ऑगस्ट या ऐन पावसाच्या दिवसांत चालते. साधे, अधिक कर्बाचे पोलाद गावच्या सहाणेवर झटकन धार घेते, पण आंब्याच्या चिकाने काळे पडते आणि रात्रीत गंजते. न गंजणारे पोलाद १९१३ मध्ये शेफील्ड येथेच हॅरी ब्रिअर्लीने प्रथम तयार केले. ते गंजाला दाद देत नाही, तसे साध्या सहाणेलाही सहसा देत नाही. कारकुनाने कधी न केलेली निवड कलमे बांधणाऱ्याला करावी लागते. रोज संध्याकाळी चाकू पुसून तेल लावावयाचे, की रोज सकाळी धारेशी झगडावयाचे?

एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलेली संख्यात्मक बंधने उठली. बंद दार उघडले तेव्हा दोन प्रकारचे चाकू एकदम आत आले : अतिशय स्वस्त चिनी आणि अतिशय महाग युरोपी. कांचननगर-वजीराबादच्या परंपरेतला मधला चाकू, ज्याची किंमत मुख्यत्वे पोलादाची आणि श्रमाची असे, तो या दोहोंच्या मध्ये चेपला गेला. युरोपी चाकूच्या किंमतीत रुपयाची उत्तरोत्तर घसरण मिळाली. १८९४ च्या हिशेबाची ही पुनरावृत्तीच होय, फक्त शिलिंगाच्या जागी युरो आणि फ्रँक आले. १८ जुलै २०२२ पासून कापणाऱ्या पात्यांच्या चाकूंवरील वस्तू व सेवा कर बारावरून अठरा टक्के झाला. १९३१ च्या जकातीप्रमाणे हाही कर चाकू छंदासाठी घेणारा आणि पोटासाठी घेणारा यांत भेद करीत नाही.

हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. हौशी संग्राहकाच्या दृष्टीने वाढती किंमत ही प्रतिष्ठेची खूण असू शकते. कलमे बांधणाऱ्या माणसाला मजुरी रोजावर किंवा नगावर मिळते, आणि चाकू मात्र बहुधा त्याचा स्वतःचा असतो. कलमे फसली तर नुकसान रोपवाटिकेचे होते. चाकू महागला तर खर्च मजुराचा होतो. म्हणजे चांगल्या पात्याचा लाभ एकाला आणि त्याची किंमत दुसऱ्याला. जुन्या बलुत्याच्या व्यवहारात कितीही अन्याय असला, तरी कोयत्याची धार आणि शेताची सुगी यांचा हिशेब लोहार व कुळ यांच्यात एकाच खळ्यावर होत असे. नाण्याने घेतलेल्या चाकूला असे खळे नाही.

या कोंडीतून कामगारांनी जी वाट काढली ती अर्थशास्त्रज्ञांनी पाहण्यासारखी आहे. अनेकांनी मिटता चाकू खिशातच ठेवला आहे, काडी तोडायला आणि पट्टी कापायला. मुख्य काप ते दाढीच्या ब्लेडने किंवा सरकत्या पात्याच्या कटरने घेतात. धार गेली की पाते टाकावयाचे व दुसरे घ्यावयाचे. एकरकमी किंमत देणे जमत नाही तेव्हा ती थोडी थोडी देण्याचा हा प्रकार. पूर्ण हंगामाचा हिशेब केला तर ही पाती स्वस्तच पडतात असे खात्रीने म्हणता येणार नाही, परंतु कोणत्याही एका दिवशी खिशातून मोठी रक्कम जात नाही, आणि रोजावरच्या माणसाला तेच मोलाचे असते. कटरचे पाते लवते. त्यामुळे जून झालेल्या कठीण काडीवर सरळ काप घेताना हात नेमका ठेवावा लागतो, आणि अशा काडीची वेळ आली की कसबी माणूस अजूनही खिशातला चाकू काढतो, अंगठ्याच्या नखाने पाते उघडतो, आणि कापण्यापूर्वी ते एकदा आडवे हलवून पाहतो.